ट्रॅक्टर धूर सोडत नाही

कोथरूड, पुणे
१२ जानेवारी

नागोरावभावजी यांस,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमच्याकडे तूर काढून झाली असेल आणि जाऊबाईंचे गुडघे थंडीने दुखत असतील, असं धरून चालते.

दोनदा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत. माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. पत्र वाचायचं नाही असंही ठरलं असेल तर हे जाऊबाईंकडे द्यावं. त्या वाचतील, आणि तुम्हाला ओसरीवर ऐकू येईल इतक्या मोठ्याने वाचतील.

काम ट्रॅक्टरचं आहे. तुमच्या दादांनी निवृत्त झाल्यावर हौसेने गावाहून इथे आणला तोच. कात्रजच्या घाटापलीकडे आपल्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. शेजारी नवी सोसायटी होते आहे. त्यांची भिंत पुढच्या महिनाअखेरीस आपल्या वाटेपर्यंत येईल. मग तिथून मोटारसायकल निघेल, ट्रॅक्टर निघणार नाही. मी नकाशा मागवून बघितला. भिंत त्यांच्याच हद्दीत आहे. भांडायला काही जागा नाही याचं मला वाईट वाटलं.

तेव्हा तोवर तो आपल्या चाकांवर बाहेर यायला हवा, नाहीतर तुकडे होऊन. वल्लरी बंगळूरहून म्हणते, "आई, भंगारवाल्याला दे आणि मोकळी हो." लेक हुशार आहे, फक्त तिला सगळ्यातूनच मोकळं व्हायची घाई असते. मला तो भंगारात द्यायचा नाही. तुम्हा दोघा भावांनी मिळून घेतलेला आहे, चालू झाला तर तुमच्या दारात जावा.

बसने स्वारगेट, तिथून कात्रज, पुढे रिक्षा, असं करत मी स्वतः जाऊन किल्ली फिरवून आले. स्टार्टर फिरतो. इंजिन उठत नाही. धुराड्यातून धूर काळाही नाही आणि पांढराही नाही. काय काय तपासायचं ते कळवावं.

आपली,
मंदाकिनी


कोथरूड, पुणे
२७ जानेवारी

नागोरावभावजी यांस,

सप्रेम नमस्कार. कार्ड मिळालं. 'वहिनी' नाही, 'नमस्कार' नाही, थेट 'टाकी बघा' अशी सुरुवात असलेलं पत्र मला आयुष्यात पहिल्यांदा आलं. तरी आलं, याचा आनंद झाला.

तुम्ही लिहिलं तसं सगळं केलं. टाकीत डिझेल आहे. खालचा नळ सोडून तळाचं पाणी काढलं, चहाचा कप भरेल एवढं निघालं. बॅटरीच्या टोकांवर हिरवट बुरा चढला होता, तो गरम पाण्याने धुतला. फिल्टर नवा घातला. मग फिल्टरवरचा नट सैल करून हातपंपाने हवा काढली. बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्यायचं, हे तुम्ही लिहिलंत. ते माझ्या साडीवर येईल, हे लिहिलं नाहीत. बसमध्ये माझ्या शेजारची जागा स्वारगेटपर्यंत रिकामी राहिली.

एवढं करून किल्ली फिरवली. धूर नाहीच.

मग कात्रजहून मच्छिंद्र मिस्त्रीला नेलं. माणूस सरळ आहे, बोलतो कमी. त्याने इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल करून मला स्टार्टर मारायला लावला. नळी कोरडी. म्हणाला, "आजी, डिझेल पंपापतूर येतंय, म्होरं जात नाय. पंप गेलाय. उतरवून दुकानात न्यावा लागंल." उतरवायचा, दुरुस्त व्हायचा, पुन्हा चढवायचा, तोवर भिंत होऊन तिला रंगसुद्धा लागलेला असेल. तरी मी त्याला हो म्हटलं आहे.

खंडेनवमीच्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही. तुम्ही वाढलेलं ताट सोडून स्वारगेट गाठलंत, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

एक मात्र लिहिते. दादा होते तेव्हा तुम्ही दर दसऱ्याला त्यांच्यासाठी येत होतात. गेल्या दसऱ्याला ते नव्हते, तर ट्रॅक्टरच्या पूजेसाठी आलात. हा भंगारात गेला की पुण्यात यायला तुम्हाला निमित्त उरणार नाही. ते मला नको आहे. म्हणून या वयात नट सैल करायला शिकते आहे, मला काही शेती करायची नाही.

तुमच्याकडून आणखी काही तपासायचं राहिलं असेल तर लगेच कळवा.

आपली वहिनी,
मंदाकिनी


कोथरूड, पुणे
९ फेब्रुवारी

नागोरावभावजी,

तुमचं दुसरं कार्ड आलं. 'सगळं तपासलं. आता पंपच.' बरं.

काल मच्छिंद्र पंप उतरवायला आला. पान्हा लावला आणि थांबला. म्हणाला, "आजी, ही माळ तेवढी तुम्ही काढा." पंपावर खंडेनवमीची झेंडूची माळ वाळून बसली होती, वर कुंकू. मी म्हटलं, "तुम्हीच टाका ना काढून." तर म्हणाला, "पूजेचं हाय. मी पयल्या दिवसापास्नं त्याला हातच लावला नाय. बाजूबाजूनं काम केलं."

मी माळ उचलली. खाली लाल दोरा होता. डिझेल तोडून इंजिन बंद करायची दांडी मागे ओढून त्या दोऱ्याने घट्ट बांधलेली होती.

मच्छिंद्रने कपाळावर हात मारला. मी डिझेलच्या रिकाम्या डब्यावर बसले. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला तुमच्या घरची रीत सांगितली होती. खंडेनवमीला यंत्राला विसावा द्यायचा, चुकूनही कुणी चालू करू नये म्हणून ते बांधायचं, आणि ज्याने बांधलं त्यानेच दसऱ्याला सोडून शिवेपार न्यायचं. तेव्हा मोट होती, नंतर इंजिन आलं, मग हा ट्रॅक्टर. तुम्ही नवमीला बांधलात आणि दसरा उजाडायच्या आत निघून गेलात.

म्हणजे टाकी, नळ, बॅटरी, फिल्टर, हवा, असं ट्रॅक्टरचं सगळं अंग तुम्ही मला तपासायला लावलंत, एक दांडी सोडून. तुम्ही विसरला नव्हतात. इतकं विसरणारा माणूस फिल्टरच्या नटाचा पान्हा कितीचा ते लिहीत नाही.

मला आधी संताप आला. साडीची किंमतही आठवली. रात्री जेवताना मात्र लक्षात आलं की तुमचीही माझ्यासारखीच अडचण होती. खरं सांगितलं असतंत तर मी दोरा कापून मोकळी झाले असते, आणि तुमचं इथलं काम संपलं असतं. आणि सोडायला स्वतः यावं, तर न बोलावता कसं यायचं? मग मला हसू आलं. एकटीच हसत होते, म्हणून लवकर आवरलं.

आता नवमीचं लिहिते. तुम्ही म्हणालात, "वयनी, दादाला गावची माती मिळू दिली न्हाई तुम्ही." मी म्हणाले, "मग येताना माती आणायचीत." आमच्याकडे उत्तर लगेच देतात. खरं उत्तर द्यायला वेळ लागतो, ते आज देते. त्यांना गावी न्यायचं म्हणजे रात्रभर गाडीत त्यांच्याशेजारी बसायचं, आणि ते काही बोलणार नव्हते. मला ते झेपलं नसतं. एवढंच कारण होतं. रीत नाही, पुणं नाही, तुमच्यावर राग तर नाहीच.

वल्लरीसमोर ह्यांचा विषय काढला की ती रडते. सोसायटीतले लोक 'देवमाणूस होते' म्हणतात. हे देवमाणूस नव्हते, भयंकर हट्टी होते. तसं म्हणणारा तुमच्याशिवाय कुणी उरलेला नाही. मला त्यांच्याबद्दल कुणाशी तरी नीट भांडायचं आहे.

दोरा मी सोडला. तुमची रीत मोडली, राग आला तर येऊ द्या. मच्छिंद्रने किल्ली फिरवली. आधी पांढरा धूर आला, मग काळा, मग शेडचा पत्रा थरथरायला लागला. त्याने ट्रॅक्टर वाटेवरून बाहेर काढून हमरस्त्याला लावला. मी मागून चालत गेले.

परवा तो ट्रकवर चढेल आणि तुमच्या दारात उतरेल. कागदपत्रं ड्रायव्हरकडे दिली आहेत, किल्लीही. तुम्हाला त्यासाठी यावं लागणार नाही. प्लॉटवर आता नुसती शेड आहे. पुण्यात तुमच्या नावाचं, तुमच्या कामाचं काहीही राहिलेलं नाही.

मी आहे. या.

तुमची वहिनी,
मंदाकिनी