नऊ दिवसांचा खंड

२ जून २०१५, मंगळवार

माझं वाक्य आज पेपरात! शेतीच्या पानावर, मधल्या चौकटीत, ठळक अक्षरात — 'वऱ्हाडात जुलै महिन्यातला पावसाचा खंड साधारण नऊ दिवसांचा असतो.' शब्द न् शब्द माझा. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातून जसाच्या तसा उचललाय. नाव कुठेच नाही. नसू दे, आमच्या त्या कामात तसंही कोणाचं नाव नसतं. फुकटची हमाली, हौसेनं केलेली. वकीलसाहेबांना (म्हणजे आमच्या ह्यांनाच, हरिहर वकिलांना) दाखवलं. चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, बत्तीस वर्षं भूगोल शिकवलास तेव्हा कोणी चौकटीत टाकलं नाही तुला! दिवसभर मिरवत होते मी.

आता लिहायला बसले तर एकच खुटखुट. तो नऊ आला कुठून? जानेवारीत लेख सुरू केला तेव्हा समोर पुस्तक नव्हतं. वर्गात फळ्यावर नऊ लिहायचे एवढं आठवतं. कशावरून लिहायचे ते आठवत नाही. मिस्बाहनं तेव्हाच त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लावली होती. हळूच. "ताई, पुस्तक सापडलं की काढून टाका."

मिस्बाह अकोल्याची. उर्दू शाळेत विज्ञान शिकवते, वय असेल पंचवीस-सव्वीस. अजून प्रत्यक्ष भेट नाही, पण पाच महिने रोज एकाच लेखावर दोघी — मी लिहायचं, तिनं तपासायचं, तिनं लिहायचं, मी शुद्धलेखन सुधारायचं. लेखाचं नाव 'पावसाचा खंड'. पाऊस येतो, लोक पेरतात, आणि मग तो दडी मारून बसतो, ती दडी.

३ जून

चिठ्ठी काढली. पेपरचा संदर्भ जोडला — तारीख, पान क्रमांक, सगळं रीतसर. झालं एकदाचं!

पेपरनं माझ्यावरून घेतलं आणि मी पेपरवरून सिद्ध केलं. हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

११ जून, गुरुवार

मिस्बाहनं नऊचे सोळा केले! मला न विचारता. आधार काय, तर तिचे नाना. आईचे वडील, कुर्बानमिया. चांदूर बाजारजवळच्या खेड्यात पत्र्याचं काम करतात — बादल्या, कोठ्या, नरसाळी. अठ्ठ्याहत्तर सालापासून रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजतात म्हणे. मोजायचं भांडं स्वतःच पत्र्याचं केलेलं, काचेची मोजनळी तालुक्याच्या कोण्या साहेबानं जाताना दिलेली. पेन्सिलीनं, उर्दूत, वह्यांमागून वह्या. त्यातला प्रत्येक जुलै बसून मोजला पोरीनं. सरासरी सोळा दिवस.

मी तिचं काढलं, माझं परत ठेवलं. कारण लिहिलं: 'अप्रकाशित, हस्तलिखित, पडताळता न येणारं.' नियम आहेच तसा. मराठीत तो मीच उतरवून दिलाय गेल्या वर्षी.

१२ जून

तिनं परत सोळा केले. मी नऊ. तिनं सोळा. मी नऊ. लेखाच्या चर्चापानावर तिनं लिहिलं, ताई, तुमच्या नऊला पेपरशिवाय काय आहे?  उत्तर लिहिलं: 'पेपर प्रकाशित आहे, वही नाही.' तिनं तिसऱ्यांदा सोळा केले.

आमच्याकडे एका दिवसात तीनदा दुसऱ्याचं लिहिलेलं उलटवलं की खातं गोठवतात. मी दोनदाच उलटवलं होतं. मोजून. पुण्याचा केदार आमचा प्रचालक, भांडणं सोडवायचं काम त्याचं. त्याला एका ओळीचा निरोप टाकला, 'कृपया लक्ष घालावे.' संध्याकाळच्या आत मिस्बाहचं खातं एका महिन्यासाठी बंद. तिच्या पानावर लाल चौकट: 'अविश्वसनीय माहिती वारंवार घातल्यामुळे.'

अविश्वसनीय ती! आणि मी काय?

१४ जून, रविवार

काल दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. भाजी करपली. शेवटी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं — चिठ्ठी, पेपर, मोजून दोनदा. ते शांतपणे म्हणाले, "तुला कोणी विचारलं का? नाही ना? मग न विचारता जबाब द्यायचा नसतो." चाळीस वर्षं कोर्टात काढली की माणूस असा होतो. मी चिडले. पण सल्ला मात्र पाळला! लाज वाटते.

आणखी एक लिहून टाकते, लिहायचं टाळत होते. वही मोडीतली असती, कोण्या शास्त्रीबुवांनी लिहिलेली, तर मी अशी उडवली असती? नसती. 'दुर्मीळ हस्तलिखित' म्हणून स्वतंत्र लेख केला असता. फोटो मागवले असते. या वहीचा एक फोटोसुद्धा मागितला नाही मी.

२४ जून

पाऊस चांगला झाला. पेरण्या उरकल्या सगळीकडे. मिस्बाहचे रोजे सुरू असतील. फोन करावा म्हणून तीनदा उचलला, ठेवला.

१ जुलै

काल शेवटची सर. आज कोरडं.

९ जुलै

नववा दिवस. आभाळ स्वच्छ. सकाळपासून चार वेळा गच्चीवर जाऊन आले. माझ्यासाठी पडणार आहे का तो?

१० जुलै, शुक्रवार

दहावा. जमुना भाजी घेऊन आली, तिवस्याच्या रस्त्यावरच्या खेड्यातून येते ती. टोपली उतरवली आणि पायरीवरच बसली. सोयाबीन बोटभर आलं आणि माना टाकून राहिलं म्हणे. तिच्या नवऱ्याला, सहदेवला, त्याच्या साडूनं सोमवारीच तुषार सिंचनाचे पाइप देऊ केले होते. हा म्हणाला, राहू द्या, पेपरात नऊ दिवस दिले आहेत, दोन-तीन दिवस अजून निघतील. आता पाइप दुसऱ्या गावी गेले. साडूच्या विहिरीलाही पाणी नाही.

"बाई, तुमी शिकलेल्या. पेपरवाले कोनाले विचारून लिहितात हो?"

मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. मेथी कोणीच खात नाही आमच्याकडे.

१२ जुलै

मिस्बाहचं खातं आज सुटलं. ती आली नाही.

१३ जुलै

आली नाही.

१८ जुलै, शनिवार

ईद. 'ईद मुबारक' लिहिलं, पुसलं. कोणत्या तोंडानं पाठवू? अठरावा दिवस कोरडा.

२० जुलै

आज पडला. एकोणीस दिवस कोरडे गेले, विसाव्याला पडला. वकीलसाहेब म्हणाले, चला, सुटलीस. मी ओरडले त्यांच्यावर. सुटले कशी? जमुनाच्या घरच्यांनी निम्मं वावर वखरून टाकलं, पुन्हा पेरायला.

२१ जुलै, मंगळवार

लिहिलं एकदाचं! चर्चापानावर, माझ्या नावानिशी. नऊ हा आकडा मी आठवणीतून घातला. पेपरनं तो माझ्यावरूनच घेतला. हे माहीत असून मी तोच पेपर पुरावा म्हणून लावला. मिस्बाहचं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. तिचं खातं माझ्यामुळे बंद झालं. पाच वाक्यं. 

मग तिला फोन केला. पाचही वाक्यं तोंडी सांगितली.  ती म्हणाली, "ताई, तुमाले तवाच माहीत होतं. माझी चिठ्ठी काढली, तवाच."

हो म्हणाले. ती रडली नाही, भांडली नाही. बरं म्हणाली आणि ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं.

२२ जुलै

केदारचा फोन. आवाज गोड, अगदी पुण्याचा. कुंदाताई, तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. पण ते वाक्य आता काढता येणार नाही! का, तर त्याला एव्हाना चार संदर्भ लागलेत. दुसरा एक पेपर, बियाण्याच्या दुकानाचं पत्रक, कोण्या कॉलेजचं वार्षिक. चारही माझीच पिल्लं! त्याला म्हटलं, अरे बाबा, मी स्वतः सांगते आहे ना, मी घातलं म्हणून. तर म्हणतो, "संपादकाचं स्वतःचं म्हणणं संदर्भ धरता येत नाही, ताई. तो नियम तुम्हीच लिहिलाय."

आणि मिस्बाहच्या पानावरचा शेरा? तो पुसता येत नाही. खाली टीप टाकतो म्हणाला.

वकीलसाहेबांना सांगितलं. हसू दाबत होते. "कबुलीजबाबच फेटाळला की तुझा." पण मग खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, ती वही कुठेतरी छापून आण. छापलेलंच चालतं ना तुमच्यात?

अरे देवा, इतकं सरळ! बारा जूनलाच सुचायला हवं होतं, आणि ते मला सुचायला हवं होतं.

२३ जुलै

खुशालराव आमच्याच शाळेत शेती शिकवायचे, निवृत्तीनंतर एक मासिक काढतात. अडतीस वर्षांचा तक्ता छापायला तयार आहेत. चार पानं देतो म्हणाले. मासिक छापून आलं की माझे नऊ कोणी वाचवू शकत नाही. मिस्बाहला कळवलं. दोन तासांनी उत्तर: 'दोन तारखेला, रविवारी, नानांकडे जाणार आहे. यायचं तर या.'

२ ऑगस्ट, रविवार

जाऊन आले. चांदूर बाजारच्या स्टँडवर मिस्बाह उभी होती. बारीक, चष्मेवाली, माझ्या कल्पनेपेक्षा उंच. पाया पडावं तिच्या असं वाटलं, उगाच. ती म्हणाली, चला, ऑटो उभा आहे. वाटेत कामापुरतंच बोलली.

नाना पंच्याहत्तरीचे असतील. अंगणात सगळीकडे पत्रा. मध्ये, सावली पडणार नाही अशा जागी, ते भांडं — कड इतकी गोल आणि सारखी की मी बोट फिरवून पाहिलं. त्यांनी लगेच हटकलं, "हात नका लावू बाई, घाम लागते." असा माणूस! आणि मी लिहिलं होतं 'पडताळता न येणारं'.

नानी, हलीमाबी, चहा घेऊन आल्या. यंदा बीस दिवस वर पाहून पाहून मान दुखली म्हणाल्या. मी चहा तसाच ठेवला आणि सगळं सांगितलं, नानांच्या तोंडावर. तुमचा आकडा खरा, माझा खोटा, आणि तुमच्या नातीला मी बदनाम केलं. नाना माझ्याकडे बघत राहिले. मग मिस्बाहकडे. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, राग गिळून राहिले.

मग आत गेले ते बऱ्याच वेळानं वह्या घेऊन आले. मिस्बाहच्या हातात देताना एवढंच म्हणाले, "पाहून घे बेटी. नीट पाहून घे." चेहरा उतरला होता त्यांचा. माणसाला इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, आता विचारून राहिले, म्हणून भरून आलं असेल.

परतीला मिस्बाह थोडी बोलली. रमजानच्या सुट्टीत ती तिथेच होती, रोजे नानांकडेच केले. उर्दू आकडे शिकवले मला. शून्य म्हणजे नुसता ठिपका! कोरड्या दिवसापुढे एक ठिपका. किती सोपं. बऱ्याच दिवसांनी आज जेवण गेलं.

५ ऑगस्ट

पहिली दहा वर्षं उतरवून झाली असं मिस्बाहचं पत्र. आकडे तिच्या पहिल्या बेरजेशी जुळत नाहीत म्हणते, तपासते आहे. तपास म्हटलं, घाई नाही.

९ ऑगस्ट, रविवार

मिस्बाहचा फोन. वहीत यंदाच्या दहा जुलैला दोन मिलिमीटर पाऊस आहे. ती त्या दिवशी अंगणातच होती, थेंब नव्हता. नानांना विचारलं. तिचं खातं बंद झालं तेव्हाच त्यांनी सगळ्या वह्या खाली काढल्या होत्या. पेन्सिल तीच. ठिपक्यावर दोनाचा आकडा काढला की खाली काय होतं ते दिसत नाही. कुठल्या कुठल्या सालात पाऊस घातला, ते आता त्यांनाही आठवत नाही. मिस्बाहनं फोन त्यांच्याकडे दिला.

"बाई, तुमच्या नऊशी माह्यं जुळत नव्हतं. पोरीचं नाव खराब झालं. मले वाटलं, छापलेलं खोटं कसं असन, माह्याच भांड्यात खोट असन. म्हणून जुळवून देलं."