तुम्ही वाचून दाखवलेलं पुस्तक

नाना, त्या परदेशी ढोलवाल्याच्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. दुसरा भाग तुम्ही अर्ध्यावर सोडून गेलात, त्याला आता इतकी वर्षं झाली की त्याची पानं चहाच्या रंगाची झाली आहेत. आई आता माझ्याकडे जळगावला असते. धुळ्याचं घर भाड्याने दिलं तेव्हा तुमची बाकीची पुस्तकं शाळेला देऊन टाकली, ही दोन तेवढी राहिली. तीही आईने ठेवायला लावली म्हणून. मी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, वाचन माझं बेताचंच, आणि पत्र लिहायची सवय तर मुळीच नाही. तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते.

मला रविवारच्या सकाळी आठवतात. पुढच्या खोलीत तुम्ही लाकडी खुर्चीत आणि समोर सतरंजीवर तुमचे दोन मित्र. एका काकांचं आग्रा रोडला रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा रस्त्यात कुण्या परदेशी जोडप्याची गाडी बंद पडली, काकांनी त्यांचा बिघडलेला टेप नीट करून दिला आणि मजुरी म्हणून त्यांनी एका रॉक बँडच्या कॅसेटी दिल्या. त्या कॅसेटींनी तुम्हा तिघांना वेड लावलं. दुसरे काका लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. कॅसेट सुरू झाली की त्यांची बोटं मांडीवर चालायला लागत. त्या बँडच्या ड्रमरने प्रवासाची पुस्तकंही लिहिली आहेत असं तुम्हाला कुठून तरी कळलं आणि तुम्ही ती मुंबईहून मागवली. बाकीचे वादक विमानाने पुढच्या गावी जायचे आणि हा एकटा जुनी व्हॅन चालवत रस्त्याने जायचा, वाटेत जे दिसेल ते लिहायचा. काकांना दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. तुम्ही हायस्कूलला इंग्रजी शिकवत होता. म्हणून तुम्ही डोळ्यांनी इंग्रजी वाचायचात आणि तोंडाने आपल्या भाषेत सांगायचात, अर्धं शाळेतलं मराठी आणि अर्धी अहिराणी.

बँडवाले काका दर रविवारी तक्रार करायचे. "मास्तर, पुस्तक ढोलवालानं शे ना? मग ढोल कोठे शे? बठ्ठा रस्ताच रस्ता. आज काय खादं, रातले कोठे झोपना, इतलंच."

रेडिओवाले काका म्हणायचे, "अरे भो, रोज बडवून बडवून हात दुखत असतील त्याचे. पुस्तकात तरी बसू दे त्याला गुमान."

आई आत, स्वयंपाकघराच्या दाराशी सूप घेऊन बसलेली असते. रविवारी ती आठवड्याची ज्वारी पाखडायची. मी गणिताची वही घेऊन मधल्या उंबऱ्याशी, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसायचं. तुम्ही वाचत असता, ढोलवाला समुद्राकाठच्या एका गावी पोचतो, मासे खातो, आणि तुम्ही जरा थांबून सांगता, "तो म्हणतो, जेवण चांगलं होतं, पण एकट्याने खाण्यात काय मजा? बायकोला आणायला पाहिजे होतं." आतलं सूप थांबतं. जरा वेळाने पुन्हा सुरू होतं. असं प्रत्येक गावात व्हायचं. कुठे तळं दिसलं तर हे तिला दाखवीन, कुठे निळी साडी, म्हणजे निळा झगा दिसला तर हा रंग तिला शोभेल. एकदा त्याने रस्त्याच्या कडेला पेरू घेतले आणि म्हणाला, माझ्या बायकोला पिकलेला चालत नाही, कच्चाच लागतो, मीठ लावून.

"तिकडे पेरू शेतस का मास्तर?" बँडवाल्या काकांनी विचारलं.

"असतात, गरम भागात असतात," तुम्ही म्हणालात आणि पान उलटलंत.

"बाईलवेडा शे भो हा," काका म्हणाले, आणि दोघे हसले. तुम्ही हसला नाहीत.

तुमचं आणि आईचं बोलणं मला आठवायचं म्हटलं तर दूधवाला, रेशन, माझी फी एवढंच आठवतं. बाजारात तुम्ही पुढे चालायचात, आई पिशवी घेऊन मागे. तिने धुळ्याबाहेर पाहिलं ते शिंदखेड्याचं माहेर आणि भडगावची मावशी, तेही लग्नकार्यापुरतं. घरात आजी-आजोबा होते तोवर बायकोशी चार शब्द बोलणं म्हणजे चहाटळपणा मानला जायचा, आणि ते दोघे गेले तोवर तुमची न बोलायची सवय पक्की झाली होती. तुम्ही वाईट वागलात असं नाही. पण मोठी होताना मला वाटायचं, तो ढोलवाला बघा आणि आमचे नाना बघा. इतकं वाचतात, त्यातलं काही घ्यावं की.

बारावीत असताना मी एकदा ते पुस्तक उघडलं होतं. इंग्रजी सुधारावं म्हणून. तुम्ही शाळेतून आलात आणि माझ्या हातून ते काढून घेतलंत. "आपलं पाठ्यपुस्तक झालं का वाचून? मग हे जागेवर ठेव. पुन्हा हात लावू नको." तुम्ही एरवी आवाज चढवत नसा, म्हणून मला ते फार लागलं. मला वाटलं, माझं इंग्रजी तुम्हाला त्या पुस्तकाच्या लायकीचं वाटत नाही. मी पुन्हा हात लावला नाही.

गेल्या थंडीत बँडवाले काका नशिराबादला लग्नाला आले होते, तिथून आईला भेटायला आले. आता त्यांचा हात थरथरतो, बँड कधीच सुटला. रेडिओवाले काका तुमच्या मागोमाग गेले. चहा झाला आणि विषय त्या पुस्तकावर आला.

"वहिनी, मास्तरनी फसवलं आम्हाले," काका म्हणाले. "ढोलना नावखाले दोन-तीन वरीस बसाडं, नि ढोल काही वाजना नही."

"तुमले ढोलशिवाय काय समजस, भाऊ?" आई म्हणाली. "तो माणूस चांगला व्हता. जेथे गया तेथे घरनी याद काढे."

मग दोघं वाद घालत बसले, जसा काही तो ढोलवाला गल्लीतलाच कुणी होता. काका म्हणत, कलाकार असा मऊ असून कसं चालेल. आई म्हणत होती, मऊ आहे म्हणूनच हाताला ताल आहे. मी आईला एवढं हिरीरीने बोलताना कधी पाहिलं नव्हतं. काका गेल्यावर ती मला म्हणाली, "राहिलेलं वाचून दाखव. माझ्या डोळ्यांचं काय खरं नाही आता, आणि इंग्रजी तर आधीही नव्हतं. पुढे काय झालं त्याचं, ते ऐकायचं आहे."

वाचण्याआधी थोडं समजून घ्यावं म्हणून मी मोबाईलवर त्या पुस्तकाचं नाव शोधलं. अजून त्या बँडचे चाहते जगभर आहेत, आणि त्यांनी पुस्तकाबद्दल पानंच्या पानं लिहिली आहेत. एकाने लिहिलं होतं, ढोलासाठी विकत घेतलं आणि पेट्रोल पंप वाचायला मिळाले. मला काका आठवून हसू आलं. कुणी चिडलेला होता, हा माणूस चाहत्यांना पाहिलं की टोपी डोळ्यांवर ओढतो आणि पुस्तक मात्र आम्हीच घ्यावं अशी त्याची इच्छा. कुणाला नेमकं तेच आवडलेलं, निदान खोटं गोड लिहीत नाही म्हणून. एकाने लिहिलं होतं की वडील वारल्यावर त्याला दुसरं काही वाचवेना, हेच वाचत राहिला, कारण यात कुणी कुणाचं सांत्वन करत नाही. आणि मग एका बाईचं मत होतं. इतक्या गावांतून गेला, इतकी जेवणं वर्णन केली, पण घरी बायको आहे हे एकाच ठिकाणी कळतं, आणि तेही फोन लागला नाही म्हणून. खाली बऱ्याच जणांनी तिच्याशी सहमती दाखवली होती.

मला वाटलं, बाई दुसऱ्याच पुस्तकाबद्दल बोलते आहे. कपाटातून पहिला भाग काढला. समुद्राकाठचं गाव सापडलं. मासे कोरडे होते, बिल जास्त होतं, पाऊस थांबला आणि तो निघाला. एवढंच. तळ्यापाशी त्याने टायर बदललं. पेरूच्या जागी काहीच नव्हतं. कच्चा पेरू मीठ लावून खाते ती आमची आई. तुम्ही माझ्या हातून पुस्तक का काढून घेतलं होतं ते मला तेव्हा, पन्नाशी जवळ आल्यावर, कळलं.

आणि मग भीती वाटली. आईने इतकी वर्षं जो माणूस जपून ठेवला होता तो पुस्तकात नव्हताच. आहे तसं वाचावं तर तो तिच्या डोळ्यांदेखत नाहीसा होणार. खरं सांगावं तर तिला काय वाटेल, नवऱ्याने आपल्याला वर्षानुवर्षं बनवलं, की आणखी काही, मला अंदाज येईना. प्रयोगशाळेत मातीत जे नाही ते नाही म्हणून लिहून मोकळं होता येतं. इथे तसं करवेना.

पहिल्या दिवशी मी आहे तसं वाचलं. दुपारची वेळ होती, आई तुरीच्या शेंगा सोलत होती. ढोलवाल्याने कपडे धुतले, नकाशा पाहिला, झोपला. आई "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशीही "बरं" म्हणाली. तिसऱ्या दिवशी मला तिचा चेहरा बघवेना. तो एका डोंगराळ गावात पोचला तेव्हा मी माझ्या मनाने म्हटलं, "तो लिहितो, इथली हवा बायकोला मानवली असती."

आईने शेंग खाली ठेवली. "हाई तुनं शे," ती म्हणाली.

माझं, म्हणजे मी मनाने घातलेलं.

"तू तुनं नको घालू. जे लिखेल शे ते वाच. तुना नाना घालेत ते येगळं व्हतं."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"बर्फना देशमा पेरू कोठे पिकतस? मी काय इतली येडी शे का?" ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "ते वाक्य उनं का तुना नाना पुस्तककडे देखेतच नही. कॅलेंडरकडे देखेत. इतला लाजरा माणूस."

मग तिने सावकाश सगळं सांगितलं. पेरूच्या आधीच तिला समजलं होतं. निळ्या झग्याच्या आदल्याच आठवड्यात तिने निळं लुगडं नेसलं होतं आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलं होतं. मी विचारलं, मग तू कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर त्यांनी पुस्तकच बंद केलं असतं. मित्रांसमोर तर मान वर करता आली नसती. म्हणून ती ऐकत राहिली आणि आपल्याला कळलं हे तुम्हाला कळू नये याची काळजी घेत राहिली. दुसरा भाग संपला की एखाद्या रविवारी आपणच म्हणायचं, चला, दोन दिवस कुठे तरी जाऊन येऊ, असं तिने ठरवलं होतं. पुस्तक संपायची वाट पाहिली. "तेच चुकलं," ती म्हणाली. "अध्धं व्हतं तव्हाच म्हणायले पाहिजे व्हतं." त्यानंतर तिने शेंगा पुढे ओढल्या आणि मला पुढचं वाचायला सांगितलं. आता आम्ही रोज थोडं वाचतो, आहे तसं. तिचं मत असं की माणूस कोरडा आहे, पण रस्ता चांगला सांगतो.

हे तुम्हाला कळायला हवं होतं, एवढ्यासाठी हे लिहिलं. तुमचं एकही वाक्य वाया गेलं नाही, नाना. फक्त पोच मिळाली नाही. आईने कळवायला सांगितलेलं नाही, आणि मी हे लिहिते आहे ते तिला सांगणारही नाही. कागद घडी करून माझ्याजवळच राहील.

एक गोष्ट मात्र तिलाही बोलले नाही. गेल्या महिन्यात मी पहिला भाग सुरुवातीपासून ओळ न ओळ वाचून काढला, शब्दकोश जवळ घेऊन. आईला वाटतं मला त्याची गोडी लागली. मला बघायचं होतं, की तुम्ही त्यात माझ्यासाठीही कुठे काही घातलं होतं का. पण पुस्तक वाचून ते कसं कळणार? त्यासाठी तुम्ही काय सांगितलं होतंत ते आठवायला हवं. आणि रविवारी तुमचं वाचन चालू असताना मी बहुतेक वेळा कानांवर हात ठेवून दुसऱ्या दिवशीची गणितं सोडवत असायचे.