समुद्रावर काय काम होतं

माय, समुद्रावर तुझं काय काम होतं, असं आबांनी मला विचारलं. तू असतीस तर तूही हेच विचारलं असतंस, म्हणून तुला लिहितेय.

घडलं ते एवढंच. पुण्यात माझ्यासोबत नोकरी करणाऱ्या तिघीजणींनी मे महिन्यात सुट्टी काढून भाड्याच्या गाडीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं ठरवलं आणि मीही हो म्हणाले. ताम्हिणीतून खाली उतरलो. हरिहरेश्वराला मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. मग गाडी फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडली आणि केळशी, आंजर्ले करत दापोलीकडे निघालो. घाई कसलीच नव्हती. करवंदं विकणारी बाई दिसली की गाडी थांबायची, सावली बरी वाटली की थांबायची. जी गाडी चालवत होती तिला संध्याकाळी कुठं पोचायचं ते माहीत नव्हतं आणि त्याची तिला काळजीही नव्हती. मला होती. आपल्या घरातलं माणूस बाहेर पडतं ते ऊसतोडीसाठी कारखान्याला, दवाखान्याला, लग्नामयताला, फार तर नारायणगडाच्या दर्शनाला. तिथं पोचलं की काय करायचं हे निघतानाच ठरलेलं असतं.

केळशीच्या वाळूत तिघी आडव्या झाल्या होत्या आणि मी सुरूच्या झाडाखाली बसले होते. थोड्या वेळानं एकीनं मान उचलून पाहिलं आणि ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, हे काय? चूल मांडतेस की काय इथं?" मी खाली पाहिलं. माझ्या पुढ्यात सुरूच्या वाळक्या काटक्यांच्या पेंढ्या होत्या, एका मापाच्या, डहाळीनं आवळून बांधलेल्या. आपण उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या, बांधायचो तशा. कधी बांधल्या ते मला कळलंही नव्हतं. तिनं त्यातली एक उशाला घेतली.

तेव्हा मला पाट आठवला. ऊस भरून ट्रॅक्टर गेलाय, दुसरा यायचाय. तू पाटाच्या कडेला बसलीयस, पाय पाण्यात, मांडीवर वाढ्याची पेंढी. ती पेंढी बांधून झालेली आहे, तरी तुझा हात तिच्यावर फिरतोय. मुकादम येऊन उभा राहतो आणि विचारतो, "काय करायलीस गं?" तू म्हणतेस, "काई न्हाई, पाय धुवायले." तो निघून जातो. मी तुझ्याशेजारी येऊन बसते तर तू वाढ्याच्या पात्यानं माझ्या मनगटावर हलकेच मारतेस. "रिकामं बसलेलं दिसू नये गं. हातात काई तरी असावं." मी पेंढी धरते आणि विचारते की हे पाणी जातं कुठं. तू म्हणालीस, "जिथं काम आसंल तिथं." तू हसली होतीस की नाही, ते मला नीट आठवत नाही.

पुढची गोष्ट एका फोटोची. आम्ही चौघी वाळूत लोळतोय असा फोटो मी स्टेटसला ठेवला. तो चुलत्यानं पाहिला आणि आबांना दाखवला. आबांनी फोन केला. कपड्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, कोण सोबत होतं तेही विचारलं नाही. फक्त काम काय होतं, एवढंच विचारलं. मग त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. धाकटी, जिला तू रांगती सोडून गेलीस, ती यंदा बारावी झाली. तिला माझ्याकडं ठेवून पुण्यात बी.एस्सी.ला घालायचं आमचं ठरलं होतं, आबांनीच ठरवलं होतं. आता तिला युसूफ वडगाव या गावचं एक स्थळ आलं होतं. आबा म्हणाले, "शिकून जर असं रिकामंच हिंडायचं आसंल, तर कशापायी शिकवायचं? काम काय होतं ते सांग. मंग तिचं बघू."

मैत्रिणींना हे सांगितलं तर एकीनं लगेच तोड काढली. देवदर्शनाला गेलो होतो असं सांग, म्हणाली, हरिहरेश्वराचा देव काही नाही म्हणायला येत नाही. आणि ते जवळजवळ खरंच होतं. गाडी देवळाजवळच लावली होती. आम्ही तिथं कोकम सरबत प्यालो आणि आत न जाता तशाच वाळूकडं वळलो. एवढं एक नाव सांगितलं असतं तर आबांनी ते चुलत्याला सांगितलं असतं, चुलत्यानं भावकीला, आणि धाकटी सुटली असती. मी बरेच दिवस विचार केला. मग वाटलं, एकदा देवाचं नाव पुढं केलं की धाकटीला दर वेळी घराबाहेर पडताना नवा देव शोधावा लागेल.

म्हणून मी गावी गेले. आबा शेळ्यांना पाला टाकत होते. मी म्हणाले, "काही काम नव्हतं, आबा. बसलो, जेवलो, पाणी बघितलं."

"पाणी बघाया एवढ्या लांब?"

"हो."

ते पाला टाकत राहिले. मग म्हणाले, "पिता येत न्हाई म्हणं ते."

"नाही येत."

"मंग कशाचं पाणी," असं म्हणून ते आत गेले. धाकटीबद्दल हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पाहुणे मात्र तिला बघायला गुरुवारी येणार होते. चुलत्यानं दिंद्रुडच्या बाजारातून पोह्यांचं सामानही आणून ठेवलं होतं.

तुला एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, धाकटीलाही हे पत्र दाखवणार नाही. मला वाटलं होतं की खरं बोललं की समोरचा माणूस वितळतो. कॉलेजात मी यावर भाषणंही केली आहेत. तसं झालं नाही. खऱ्यानं माझं मन हलकं झालं, धाकटीचं काहीच झालं नाही. मग मी तिलाच विचारलं, तुला काय करायचंय. ती म्हणाली, "आक्का, मी पिशवी भरूनच ठेवलीय. तुझीच वाट बघायले."

ती आता अठराची झाली आहे. बुधवारी सकाळच्या गाडीनं मी तिला घेऊन निघाले आणि शुक्रवारी तिचा प्रवेश घेतला. आबांना विचारलं नाही. कळवलं.