बाकावरचा झाडू

शुक्रवार, सकाळ

चि. धाकटीस,

आशीर्वाद. हा शब्द हाताने सवयीने लिहिला. खोडला असता तर कागद घाण दिसला असता, म्हणून राहू दिला आहे.

इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीक असणार, पेपरात रोज फोटो येतो आहे. तो निळा कोट तुला शोभत नाही, पण मालकांनी दिलेला असेल तर इलाज नाही. रंगाचा कारखाना चालवणाऱ्या माणसाला रंगातलं इतकं कमी कळावं, याचं मला नेहमीच नवल वाटत आलं आहे. फुटबॉलमधलं कळत नाही याचं नवल कधीच वाटलं नाही.

माझी तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, पण मी कोणाचं ऐकून घेतलंय, की त्याचं घेऊ? खालच्या सायकलवाल्याने दुकानाला नवं शटर बसवलं आहे. पहाटे ते वर जातं तेव्हा अख्खी इमारत उठून बसते. मी तर आधीच उठलेली असते. पहाटे मैदानावर जायचं असतं अशी पायांची अजून समजूत आहे. मला काढून टाकल्याचं त्यांना कोणी कळवलेलं नाही.

तर आमंत्रण मिळालं. जाड कागद, सोनेरी कड. रविवारच्या अंतिम सामन्याला मी 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून बाकावर बसावं, तुझ्या शेजारी. खाली तुझ्या अक्षरात एक ओळ : "ताई, ये ना गं. मुली विचारतात."

मुली विचारतात. बरं.

ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणजे काय, ते मला चांगलं समजतं. जुनं कपाट विकवत नाही आणि घरात मावत नाही, तेव्हा लोक ते जिन्यात ठेवतात. येणारा-जाणारा म्हणतो, वा, काय लाकूड आहे! आणि पाय आपटला की शिव्या देतो.

गेल्या वर्षी काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस. आपण दोघी त्या विषयाला सोडून बाकी सगळ्यावर बोललो. तुझ्या नवऱ्याच्या पाठदुखीवर इतकं बोललो, की त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, आपल्याला काहीतरी गंभीरच झालंय.

मैदानाच्या जागी खडी होती तेव्हापासून मी त्या संघाची कोच. ज्या पोरींना घरचे 'पाय मोडून घेशील' म्हणायचे, त्या गोळा केल्या. आपण जिला शिडी म्हणायला लागलो ती पोर आली तेव्हा इतकी उंच आणि इतकी हडकुळी होती, की चेंडूपेक्षा वाऱ्यानेच जास्त पडायची. आज ती डाव्या बाजूला उभी राहिली की समोरचे दुसरा रस्ता शोधतात. तू गोलात होतीस, मग माझ्या शेजारी बाकावर आलीस. एकेक पायरी चढत आपण वरच्या गटात गेलो. आणि वर गेल्यावर मालकांना साक्षात्कार झाला, की आता एक नामांकित फॉरवर्ड हवी. तोफ हवी. पैसे मात्र एकीचेच होते, तोफेचे किंवा माझे.

बैठकीला मला बोलावलं नव्हतं. ते बरोबरच होतं. ज्याच्यावर बोलायचं त्याला खोलीत बसवलं की चर्चेला रंग चढत नाही. तुला बोलावलं होतं, आणि माझी जागाही तुलाच मिळाली. तिथे काय झालं ते जाऊ दे.

उपांत्य सामना मी पाहिला. हो, आले होते. तिकीट काढून, डोक्याला रुमाल बांधून, गोलामागच्या स्वस्त जागेत. शेजारी एक गृहस्थ शेंगदाणे खात होते. बाई एकटी दिसली, म्हणून त्यांनी मला फुटबॉल शिकवायला घेतलं.

"बाई, कोच-बिच काही नसतं हो. माल भारी लागतो, माल! संघ बघा कसला आहे."

मी विचारलं, "आधी दुसरी कोणी कोच होती ना?"

"ती? ती ठीक होती. पण कसंय, संघ मोठा झाला, ती तेवढीच राहिली." आणि पुडी पुढे केली. "घ्या ना, खारे आहेत."

मी घेतले. चांगले होते.

तुम्ही जिंकलात. तोफेने दोन गोल केले, आणि छान केले. खोटं कशाला बोलू? पण शेवटच्या टप्प्यात मला डाव्या बाजूला एक गोष्ट दिसली. तुला दिसली नाही. तू त्या वेळी मालकांकडे बघत होतीस. ती गोष्ट रविवारी समोरच्यांना दिसणार, कारण त्यांची कोच माझ्याच वयाची आहे आणि तिला अजून कोणी जिन्यात ठेवलेलं नाही. खेळाडूला विचारायचं नसतं, बघायचं असतं, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल!

काय दिसलं ते सांगणार नाही.

वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. दोन दिवस झाले, त्याच्यावरच बसून आहे. तुला सांगितलं तर तुम्ही जिंकाल आणि गाव म्हणेल, बघा, कोचशिवाय जिंकले. नाही सांगितलं तर कदाचित हराल आणि रडतील त्या माझ्याच पोरी, मालक नाही रडणार. तुम्ही जिंकलात तर मी इतकी वर्षं नुसती शिट्टी फुंकत होते असं ठरतं. हरलात तर माझ्या पोरी हरल्या. सामना कोणाच्या बाजूने बघायचा, एवढंही माझ्या हातात तुम्ही ठेवलेलं नाही.

आता त्या बैठकीचं. जाऊ दे म्हणाले होते, पण ते जात नाही.

आपल्या संघाचे टॉवेल-पाणी बघणारे टॉवेलकाका त्या दिवशी तिथे पाणी ठेवत होते. त्यांनी आपणहून काही सांगितलं नाही हो, मीच त्यांच्या मागे लागले. "जाऊ द्या ना ताई, चहा निवतोय," म्हणत होते. मी म्हटलं, "काका, टॉवेल पिळता तसं तुम्हाला पिळीन." मग बोलले. मालकांनी टेबलाभोवतीच्या सगळ्यांना विचारलं, अनुभव मोठा की संघ मोठा? खजिनदार म्हणाले, अनुभव गोल मारत नाही. सगळे हसले. मग मालक तुझ्याकडे वळले : "तुम्ही सांगा, तुम्ही जवळून बघितलंय." आणि तू म्हणालीस, "ताईच म्हणते, संघ चांगला असला की बाकावर झाडू उभा केला तरी जिंकतो."

मालक म्हणाले, "मग झाडूच उभा करू. स्वस्त पडेल." पुन्हा सगळे हसले. तू हसलीस की नाही, ते काकांना आठवत नाही म्हणे. काकांची स्मरणशक्ती नको तिथे सभ्य आहे.

वाक्य माझंच आहे. नाकारत नाही. पण कधीचं, ते तू त्यांना सांगितलंस का? छोट्या मुलींचा संघ तुझ्याकडे दिला होता, तुझा पहिला सामना. तो इतका वाईट हरलीस, की कपडे बदलायच्या खोलीमागे पालथ्या बादलीवर बसून हुंदके देत होतीस. "मला काही येत नाही, ताई." तेव्हा मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, अगं वेडे, कोच कसला नि काय! संघच कच्चा होता, तुझं काय चुकलं? संघ चांगला असला की बाकावर झाडू उभा केला तरी जिंकतो. तू नाक पुसत हसलीस. मी ते तुला हसवायला म्हणाले होते. फुटबॉलबद्दल नव्हतंच ते.

तेच वाक्य तू जपून ठेवलंस आणि नेमकं त्या खोलीत काढलंस.

रविवारी मी येणार नाही. माझी जागा रिकामी ठेवायची असेल तर तिथे काय उभं करायचं, ते तुला माहीत आहे.

ताई


मंगळवार, दुपार

धाकटे,

काल संध्याकाळी तू दार वाजवलंस तेव्हा मी घरात होते. साबणाच्या हाताने दाराच्या आत उभी होते. तू "ताई" म्हणालीस, मग थोड्या वेळाने परत "ताई" म्हणालीस, मग चषक की काय ते पायरीवर टेकवल्याचा आवाज आला, मग उचलल्याचा. तू खाली गेलीस आणि सायकलवाल्याने तुझं अभिनंदन केलं. तू त्याच्याशी बोललीस तो आवाज हसरा होता. तू लहानपणापासून अशीच. रडून उठायचीस आणि पाहुण्यांसमोर हसायचीस.

दार का उघडलं नाही ते मला सांगता येणार नाही. हात ओले होते असं समज.

रविवारी आले होते. येणार नाही म्हणाले तेव्हाच मला माहीत होतं, तुलाही असणार. तीच जागा. शेंगदाण्यांचे गृहस्थ नव्हते, त्यामुळे सामना नीट समजला नाही.

मध्यंतर झालं आणि तू शिडीला बाहेर बसवलंस.

लोक ओरडले. मालक खुर्चीतून उठून तुझ्यापर्यंत आले, हातवारे करून गेले. तू हललीही नाहीस. मी गोलामागे उभी, आणि माझ्या तोंडून जोरात निघालं, "बरोबर!" पुढच्या रांगेतल्या बाईने वळून माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी समोरच्या संघाची हेर आहे.

कारण मला उपांत्य सामन्यात तेच दिसलं होतं. शिडी दमली की केस सोडून पुन्हा बांधते. एकदा बांधले तर ठीक, पण सारखे बांधायला लागली की पायातलं संपलं. ती कधी बोलायची नाही. मला ते ओळखायला कितीतरी हंगाम गेले. मी तिला वेळेवर बाहेर काढायचे आणि तिला वाटायचं, ताईंना जादू येते. मीही ते वाटू द्यायचे.

मग वाटलं, तूही केस पाहिलेस. इतक्या वर्षांत माझ्या शेजारी बसून शिकलीस. खोटं बोलत नाही, मला अभिमान वाटला आणि लगेच त्याचा रागही आला.

काल सकाळी शिडी आली. पायात चपला, खांद्यावर बूट, तोंडभर हसू.

मी म्हटलं, "बाहेर काढलं तर राग नाही आला?"

"कशाचा? मीच तर सांगितलं होतं."

"काय सांगितलंस?"

"धाकट्या ताईंनी विचारलं, पायात किती उरलंय? म्हटलं, संपलं."

"मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस ते!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यासारखी. "तुम्ही कुठे विचारलंत? तुम्हाला कळायचंच."

चहा पिऊन गेली. कप तिनेच विसळला.

म्हणजे माझ्या एवढ्या अनुभवाने जे हेरून काढलं, ते तू एका प्रश्नात काढलंस. बाकावर झाडू असता तर शिडी आत राहिली असती आणि तुम्ही हरला असता. कोच लागतो, धाकटे. सिद्ध झालं. तूच सिद्ध केलंस, आणि मी बाहेर उभी राहून पाहिलं. खजिनदारांना सांग, अनुभव गोल मारत नाही, पण एक गोल वाचला तो डावीकडून. सांगू नकोस, त्यांना समजणार नाही.

पेपरात तुझी मुलाखत आली आहे. यशाचं रहस्य काय, असं विचारलं, तर तू म्हणतेस, "मुली खेळल्या. मी नुसती बसले होते." फोटोत मालक शेजारीच आहेत आणि मान डोलावताहेत. तो माणूस गंमत म्हणून ऐकत नसतो. पुढच्या हंगामात त्याला दुसरी तोफ हवी असणार. शहाणी असशील तर पुढच्या मुलाखतीत थोडी बढाई मार. आपल्या घरात कोणाला ती जमली नाही, तू शीक.

आता एक गोष्ट. मी आजवर कोणाला काही विचारलं नाही. बघत राहिले आणि स्वतःच ठरवत राहिले. त्या बैठकीचंही तसंच, काकांकडून ऐकलं आणि तुझ्याबद्दल मनात निकाल लावून टाकला. तुला विचारायचं राहिलं. विचारायचं नव्हतंच, असं म्हण.

आज विचारते. त्या खोलीत ते वाक्य बोललीस, तेव्हा तुला ते खरं वाटत होतं का?

खरं वाटत होतं म्हणालीस, तर तू निर्दोष. बादलीवर बसलेल्या पोरीने मोठ्या बहिणीचं बोलणं खरं मानलं, त्यात गुन्हा कसला? पण मग माझ्या शेजारी इतके हंगाम बसूनही, मी तिथे काय करत होते ते तुला दिसलं नव्हतं, आणि ते मला सोसणार नाही. खरं वाटत नव्हतं म्हणालीस, तर मी काय करत होते ते तुला नीट ठाऊक होतं, आणि तरी तू मला विकलंस. दोन्हींपैकी कुठलं उत्तर ऐकायला मी दार उघडीन, ते मला माहीत नाही. खूप विचार केला. जमत नाही.

पण तू विचारलंस तसं मीही विचारलं. आता तू सांग. मला कळेलच असं धरून बसू नकोस.

उत्तर नको असलेली, आणि जिन्यात पाऊल वाजलं की कान देणारी,
तुझीच,
ताई