पेटीत कोंडलेलं मीठ

आदरणीय बन्सीधरभाऊ यांस,

राणीसावरगावहून तुमच्या दाजीचा, आश्रुबाचा, रामराम. तुमची आणि वहिनींची तब्येत बरी असेल, येलदरीला मासळी मिळत असेल, अशी आशा आहे. माझं विचाराल तर खातोपितो, पण आठ दिवसांपासून माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. फोनच केला असता, पण तुमची बहीण कडूबाई जवळच बसलेली असते आणि तिला पलीकडचं बोलणंही ऐकू येतं. म्हणून हे पत्र.

तुमच्या वैष्णवीच्या लग्नात मी चारचौघांत म्हणालो होतो की बघा, तुमच्या बहिणीनं आमच्याकडं कसं अंग धरलंय. भाऊ, ते अंग नव्हतं, पाणी होतं. परभणीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि लिव्हर निबर झालंय, त्यामुळं पोटात पाणी साचलंय, असं सांगितलं. दारू किती, असं विचारताना त्यांनी पेशंटाऐवजी माझ्याकडं बघितलं (हे मी विसरणार नाही). मग कळलं की वीस वर्षांच्या साखरेच्या आजारात लिव्हरवर चरबी चढूनही असं होतं, दारूचा थेंब लागत नाही. सुई घालून त्यांनी सात लिटर पाणी काढलं. सात लिटर! आमची म्हैस दोन्ही वेळचं मिळून एवढं दूध देत नाही. आणि मी चार महिने तिला भात कमी खा म्हणून टोचत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, मीठ अगदी कमी, लोणचं-पापड बंद, लघवीच्या गोळ्या वेळेवर, रोज सकाळी वजन, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. मी घरी येताच मिठाचा डबा पेटीत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. एकटीचं वेगळं कोण शिजवणार, म्हणून सगळं घर अळणी. पोटात पाणी आहे तर वरून कशाला ओतायचं, असा विचार करून तिचं पाणीही मी तांब्यानं मोजून द्यायला लागलो. आमचा महारुद्र तिसऱ्या दिवसापासून बाहेरच जेवायला लागला (कुठं, ते मी विचारलं नाही). सून शिवकन्या मात्र गुमान अळणी भाजी गिळत होती.

आणि सहाव्या दिवशी वजन अडीच किलो वाढलं. पाय सुजले, दोन पावलं चाललं की धाप. मी पार हबकलो. माझ्या पहाऱ्यात मीठ येतंय कुठून? डबे हुंगले, पिठात बोटं घालून चाखली, आणि शेवटी शेजारणीसमोर शिवकन्येला बोललो, "सासूला मारायचंय का तुला?" तिनं हातातली परात खाली ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं माहेरी गेली.

मी कडूबाईला घेऊन पुन्हा परभणीला गेलो. पुन्हा सुई, पुन्हा पाणी. डॉक्टरांनी एकेक जिन्नस विचारला. पापड? नाही. चटणी? नाही. आणखी काही देता का, असं विचारल्यावर मी छाती काढून सांगितलं की पोट फुगतं म्हणून रोज दोन वेळा लिंबू पिळून चमचाभर खाण्याचा सोडा देतो, स्वतःच्या हातानं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजोबा, मिठातलं जे अंगात पाणी धरून ठेवतं, तेच सोड्यात भरलेलं आहे. तुम्ही डबा कोंडला आणि तेच पेल्यातून पाजलं."

पाणी मोजून द्यायला कुणी सांगितलं होतं, असंही ते म्हणाले. वरण, अंडी, झोपायच्या आधी दोन घास हे द्यायलाच हवं, उपाशी ठेवलं तर ती आणखी खंगेल, हेही सांगितलं. मी मान खाली घालून उभा होतो, भाऊ. मरता मरता वाचली ती, आणि मारणारा मी. तिनं परतीच्या जीपमध्ये एवढंच विचारलं, की तुमी सकाळपासून काही खाल्लं का.

आता सोडा उकिरड्यावर गेला, वजन उतरायला लागलंय. वहिनींना नमस्कार.

आपला,
आश्रुबा

ता. क. : खरं काम असं. शिवकन्येची सोयरीक तुम्हीच जुळवली, तिचं माहेर तुमच्या गल्लीत. जाऊन सांगा की सासरा चुकला. मी फोन लावला होता, पण तिकडून "बोला मामा" ऐकलं आणि मी फोन ठेवून दिला.

ता. क. दुसरा : सोड्याचं मात्र तिला सांगू नका.

दादा, हे पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलंय. ह्यांचं बोलणं पोरीला लागलं, पण ती रुसून गेली न्हाई, मीच पाठवली. आठवडाभर अळणी गिळून पोरगी लय वाळली. चार दिवस तिला मीठ-मिरचीचं खाऊ द्या, मग गाडीत बसवा. सोड्याचं मी तिला फोनवर सांगितलंय. आधी हसली, मग रडली. माफी मात्र ह्यांनाच इथं मागू द्या. पंचेचाळीस वर्षांत मी ती ह्यांच्या तोंडून ऐकली न्हाई. – कडूबाई