शेजारच्या खोलीतून

बुधवार, १२ मार्च

ती. ताईस,

सा. नमस्कार. आशीर्वाद मागत नाही. तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून हे पत्र.

तिजोऱ्यांचा चोर सापडला. पेपरात आमच्या साहेबांचा फोटो पाहिला असशील. 'अचूक तपास' म्हणे! कसला अचूक? सहा तिजोऱ्या किल्लीने उघडून साफ केल्या, एकीवरही ओरखडा नाही. पहिल्या पाच दाजींनी दुरुस्त केलेल्या, एवढ्यावरून त्यांना आत टाकलं. ते कोठडीत असतानाच सहावी रिकामी झाली. तेव्हा तरी सोडावं? साहेब म्हणाले, "साथीदार असेल. नीट विचारा त्याला."

नीट विचारणं म्हणजे काय, ते तू दाजींच्या हातावर पाहिलंसच.

खरा शोध आमच्या हवालदारबाईंचा. सहाही तिजोऱ्या एकाच दुकानातून विकलेल्या, हे त्यांनी हुडकून काढलं. "दुकानदाराचं कपाट बघू या," असं त्या आठवडाभर कानीकपाळी ओरडत होत्या. पण दुकानदार साहेबांच्या उठबशीतला! साहेब रजेवर गेले तेव्हा कुठे आम्ही झडती घेतली. कपाटात प्रत्येक तिजोरीची जादा किल्ली, चिठ्ठी बांधून टांगलेली. पेपरात बाईंचं नाव औषधालाही नाही. तळपायाची आग मस्तकात जाते.

सगळं साहेबांच्या माथी मारून मी मोकळा झालो असतो. पण ताई, दाजींचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. बैठकीत कुणालाच धागा सापडत नव्हता आणि मी म्हणालो, "या पाचही आमच्या दाजींच्या हाताखालून गेल्यात." हुशारी मिरवायची होती मला.

त्यांना मारलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. त्यांनी मला एकदा हाक मारली. मी फाइलचं पान उलटलं.

डॉक्टर म्हणतात, दोन बोटं पुरती वळणार नाहीत. कुलपाच्या आतली खुट्टी नुसत्या स्पर्शाने ओळखणारी बोटं ती.

काल मी हे सगळं न्यायाधीशांकडे लेखी दिलं. साहेब खवळले, "नोकरी जाईल!" म्हटलं, जाऊ दे.

आता दाजींनीही तक्रार द्यावी. मारणाऱ्या दोघांची आणि साहेबांची नावं मागच्या बाजूला लिहिली आहेत. चौथं माझं. दाजी भिडस्त, "घरचाच आहे, गाळ त्याला" म्हणतील. ऐकू नकोस. माझ्या नावापुढे नातंसुद्धा लिही.

तुझा सख्खा भाऊ