इर्माची अकरा जिरेनियमं

वांगेन, १७ मे

तीर्थस्वरूप गेर्लिंडेताईंच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे ऑयगेनचा, शिरसाष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो.) तुमचा गुडघा कसा आहे? हानोव्हरचे डॉक्टर अजून तेच मलम देतात की आता नवीन काही सुचलं त्यांना? इकडे मी बरा आहे. जेवतो, झोपतो, दर रविवारी इर्माकडे जाऊन येतो. तिच्या थडग्यावरची माती आता बसली आहे.

तुमचं मार्चमधलं पत्र पोचलं. "आईची जिरेनियमं कशी आहेत? पेंटेकोस्टच्या सणाला येईन तेव्हा सज्ज्यावर तो लाल रंग एकदा डोळे भरून बघायचाय," असं तुम्ही लिहिलंत. उत्तराला दोन महिने लागले याबद्दल क्षमा असावी. टेलिफोनवर सांगता आलं असतं, पण टेलिफोनवर मी फक्त "हो, हो" म्हणतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

तर ऐका. ऑक्टोबरात, पहिलं दव गोठण्याआधी, इर्माने सगळी झाडं तळघरात नेली आणि आठच दिवसांनी ती दवाखान्यात गेली. तिथे तिने मला बजावलं, "फेब्रुवारीत खाली जा. दोन-दोन डोळे ठेवून बाकी छाटून टाक. मार्चात उजेडात आण. आणि कितीही ऊन पडू दे, थंड सोफीच्या, पंधरा मेच्या, आधी रात्री बाहेर ठेवू नकोस. ऐकतोयस ना?" मी मान डोलावली. त्या दिवसांत तिने काहीही सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती. एकेचाळीस वर्षं तळघर हे तिचं राज्य होतं. मी खाली जायचो तो सफरचंदाची दारू आणायला, आणि झाडं बघायचो ती थेट उन्हाळ्यात, सज्ज्यावर, फुललेली. मधल्या सात महिन्यांत ती कुठे नि कशी असतात हे मी कधी विचारलं नाही, आणि याची आता लाज वाटते.

फेब्रुवारीत मी तिची कात्री घेऊन खाली उतरलो. तळघराच्या खिडकीखाली, सगळ्या बिऱ्हाडांच्या सामायिक बोळात, नऊ कुंड्या मांडलेल्या होत्या. इर्माच्या अकरा असायच्या. पण ती कुणालाही उठून झाड देऊन टाकायची, तेव्हा दोन गेल्या असतील असं मी धरून चाललो. जन्मभर मोजणी खात्यात नकाशे काढलेला माणूस मी, त्यामुळे छाटणी पट्टी लावून केली. डोळा म्हणजे फांदीवरचा तो बारीक फुगवटा, हे कळायलाच एक सकाळ गेली (माझ्या स्वतःच्या डोळ्यांची गोष्ट वेगळी). मग रोज जायला लागलो. पाणी थोडं, बोलणं जास्त. वरच्या बातम्या सांगायचो: पाववाल्याने दुकान मुलीकडे दिलं, चर्चचं घड्याळ पुन्हा पाच मिनिटं मागे पडलंय, मसुरीची डाळ मी तिसऱ्यांदा करपवली. दवाखान्यात तिच्याशी जे बोलायचं राहिलं तेही हळूहळू तिथेच बोलून टाकलं. मार्चात एका कुंडीला कोंब फुटला तेव्हा मी तळघराच्या पायरीवर बसून रडलो, ताई. खोटं कशाला सांगू.

एप्रिलपासून त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावणं सुरू झालं. सकाळी नऊ कुंड्या सज्ज्यात, संध्याकाळी नऊ कुंड्या आत. मेच्या मध्याला, आपापल्या सणाला हटकून थंडी परत आणणारे ते बर्फाचे संत आले, पांक्राट्सियस, सेर्वाट्सियस आणि बोनिफाट्सियस, त्यांच्या मागून ती सोफी. (माणसाने संत व्हावं आणि कोवळ्या झाडांच्या जिवावर उठावं, हे काही माझ्या पचनी पडत नाही.) खोल्या तापलेल्या, म्हणून त्या तिन्ही रात्री मी कुंड्या जिन्यात मांडल्या, एका पायरीवर एक. आणि जिना झाडायची पाळी त्या आठवड्यात खालच्या हेबर्लेबाईंची होती! तुम्ही ओळखताच त्यांना. पायरीवर एक पान दिसलं तर दुपारच्या झोपेतून उठवून दाखवणारी बाई. त्यांनी नऊही कुंड्यांच्या भोवतीने झाडलं, एक अक्षर न बोलता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

परवा, सोफीच्या सकाळी, मी ती झाडं सज्ज्यावरच्या पेट्यांत लावली. आत आणल्यावर खिडकीत ठेवायचो ते झाड बाकीच्यांच्या पुढे होतं, त्याची पहिली कळी त्याच दिवशी उमलली. गुलाबी.

आईच्या झाडाने कधी गुलाबी फूल दिलंय? मी खाली जाऊन हेबर्लेबाईंची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फुललं वाटतं."

"ही तुमची आहेत?"

"माझीच. फेब्रुवारीतच कळलं मला."

"अहो मग बोलायचं नाही का? तीन महिने!"

"कसं बोलू, क्नापराव? मी बटाटे आणायला खाली यायची आणि तुमचं आपलं चालू असायचं त्यांच्याशी. दोनदा तशीच माघारी गेले. आणि छाटलीत छान हो, मला नाही असं जमत."

"मग इर्माची कुठायत?"

"म्हणजे काय? तळघरातल्या तुमच्या कप्प्यात, तुळईला. मुळांची माती झाडून, कागदात गुंडाळून, उलटी टांगलेली. तिची आई करायची तसंच करायची ना ती. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

सगळ्या गल्लीला माहीत होतं, ताई. फक्त नवऱ्याला नव्हतं.

आता पुढचं लिहायचं म्हणूनच दोन महिन्यांचं पत्र आज तीन तासांचं झालंय. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी इकडे टेकडीवर लाकडं रचून हिवाळा जाळतात, आठवतं ना? अग्निशमन दलाची माणसं ट्रॅक्टर घेऊन दारोदार जळण मागत आली होती. इर्मा नेहमी काहीतरी द्यायची, म्हणून मीही कप्पा साफ केला. काय काय दिलं ते वहीत लिहिलेलं आहे, कारण मी सगळंच लिहितो: नाताळचं झाड एक, मोडकी खुर्ची एक, शेंगांच्या वेलांच्या काठ्या सहा, तुळईवरच्या वाळक्या काटक्यांच्या जुड्या अकरा. अकरा, ताई. माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून. मग मी टेकडीवर जाऊन साखर पेरलेले तळलेले वडे खाल्ले, आगीपुढे हात शेकले आणि शेजाऱ्याला म्हणालो, यंदा जाळ काय सुरेख झालाय.

हेबर्लेबाई म्हणतात, गुलाबी ठेवा, मला नकोत. मी पाणी घालतो. बोलत मात्र नाही.

प्रकृतीस जपावे. लोभ आहेच, या पत्रानंतरही राहावा.

तुमचा,
ऑयगेन क्नाप

ता. क. १: एक विनंती. युद्धानंतर आईने सरहद्द ओलांडली तेव्हा त्या झाडाची फांदी एका बटाट्यात खोचून आणली होती, आणि तो बटाटा आगगाडीत तुमच्या मांडीवर होता. सहा वर्षांच्या तुम्ही भुकेने सारखं विचारत होता, हा कधी खायचा. इर्मा ही गोष्ट दर नाताळला सांगायची. तिने गेल्या वर्षी ईस्टरला दिलेलं कलम तुमच्या खिडकीत असेलच. येताना त्याची बोटभर फांदी आणा.

ता. क. २: पत्र बंद केल्यावर आठवलं म्हणून पाकीट पुन्हा फोडलं. गेल्या वर्षी ईस्टरला तुमची गाडी सुटल्यावर फलाटावर इर्मा मला म्हणाली होती, "गेर्लिंडे हेही कलम मारणार बघ. दर वर्षी मारते आणि कबूल करत नाही. म्हणून तर दर वर्षी देते." तेव्हा तसं काही झालं असेल तर पत्राने कळवू नका. मोकळ्या हाताने या, पण याच. बटाटा घरात आहे, या वेळी तो खाऊ.